पाणी कुणाकडे?

८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू फोन शिवणाच्या टोपलीत कापडाखाली ठेवतेस आणि मशीन चालू असलं की तुला जगातलं काहीच ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, आणि सख्ख्या वहिनीला मात्र तिकीट चिकटवून पत्र! दादा असता तर हसून हसून खुर्चीतून पडला असता.

काम आहे. माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरलाय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धावपळ नाही. म्हणजे घरात नात नको, एवढंच सरळ म्हणायचं राहिलंय त्यांचं. शाळेला सुट्टी लागतेय. लेकीला दवाखान्यात दुप्पट पाळ्या, जावई दिवसभर वर्कशॉपमध्ये बसगाडीच्या खाली आडवे. मग आमच्या भोंग्याला ठेवायचं कुठे? सात वर्षांची झाली, पण आवाज अजून कमी होत नाही. तुझ्याकडे महिनाभर पाठवू का?

एकच अट. तुझ्या दारातच तळं आहे. पोरगी त्याच्या आसपास फिरकता कामा नये. तू पुस्तक उघडलंस की घरात चोर शिरून, चहा करून, पिऊन, कप विसळून गेला तरी तुला पत्ता लागत नाही. तशी फार काळजी नाही म्हणा. ही पाण्यात पडलीच तर अशी किंचाळेल की मला इथे ऐकू येईल.

लगेच कळव.

तुझी नणंद


१३ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

पाठवा तिला. घर फार दिवस नीटनेटकं राहिलंय, त्याचा मला कंटाळा आला आहे.

चोराबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. कप विसळणारा चोर असेल तर त्यालाही पाठवा. पण तुमची पुढची ओळ मला झोंबली. वन्सं, बुडणारं माणूस किंचाळत नाही. तोंड पाण्यावर आलं तर ते आधी श्वास घेईल की हाका मारेल? हातही हलवत नाही, ते नुसते पाणी खाली दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. यांनी सांगितलेलं आहे.

यांच्या टोपीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही तेव्हा एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होतात, म्हणून सांगते. हे होड्या भाड्याने द्यायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याची सहल आली होती. तळ्याच्या पायऱ्यांवर मोठ्या माणसांची ही गर्दी, आणि त्यांच्यासमोर एक मूल पाण्याखाली गेलं. यांनी काढलं, वाचलं ते. नंतर जो तो म्हणे, मला वाटलं तू बघतोयस. बघायला इतके जण होते म्हणूनच कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे बाजारातून गवताची रुंद टोपी घेऊन आले. ती ज्याच्या डोक्यावर, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. गप्पा नाहीत, खाणं नाही, पुस्तक तर नाहीच. उठायचं झालं तर दुसऱ्याला द्यायची आणि मोठ्याने म्हणायचं, "पाणी तुझ्याकडे." घेणाऱ्याने "पाणी माझ्याकडे" म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

तळं दारातून हलवता येणार नाही. आणि दार लावून ठेवलेली मुलं दार उघडं सापडलं की पहिली पाण्याकडेच धावतात. म्हणून तुमची अट मला मान्य नाही. तिला पाण्यापासून लांब ठेवीन असं मी म्हणत नाही. पाण्याजवळ सांभाळीन. नको असेल तर आत्ताच कळवा, मी रागावणार नाही.

कपडे धुवायची टाकी आणि बादल्या आजपासूनच रिकाम्या करून पालथ्या घालते आहे. घोटाभर पाणीही लहान पोराला पुरतं.

तुमची वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

अक्षर मोठं आलंय, हसू नकोस. डोळ्यावर झाकण आहे आणि दुसऱ्या डोळ्याला एकट्याने काम करायची सवय नाही.

तुझं पत्र लेकीने वाचून दाखवलं. मी म्हटलं, बघ, तुझी मामी कशी अटीलाच अट घालते. लेक म्हणाली, "आई, मामीकडे नाही तर कुणाकडे?" माझं घरात कुणी ऐकत नाही.

भोंगा तुझ्याकडे पोचून आठवडा झाला. घर इतकं शांत आहे की नळ ठिबकतो तो ऐकू येतो. आठवण काढते का माझी? का तुझ्याकडे रमलीय? रमली असेल तरी सांगू नकोस.

तिच्या पिशवीत तळाशी मी एक पोहण्याचा पोशाख ठेवलाय, आकाशी निळा, बाह्यांना झालर. चांगल्या दुकानातला आहे, तुझ्या मशीनवरचा नाही. शिवाय हवेचं पिवळं बदक आहे, त्यात बसवलं की बुडायचा प्रश्नच नाही. तू पाण्याजवळ नेणारच, तर निदान माझ्या बदकात ने.

रोज थेंब घालून घेतेय. तू डोळ्यात तेल घाल.

नणंद


३ मे

वन्सं,

तेल घातलंय. थेंब तुम्ही चुकवू नका.

निळ्या पोशाखाचं सांगते, पण आधी पाणी प्या. भोंग्याने तो घातला, आरशासमोर तीन गिरक्या मारल्या, फार गोड दिसली. मग मी तिला म्हटलं, चल, एक गंमत करू. शिवणाच्या खोलीतली कापडाची कात्रणं घेतली, प्रत्येकाला दोरा आणि खडा बांधला, आणि पायऱ्यांवर बसून एकेक पाण्यात सोडलं. निळं पहिल्याच पायरीला नाहीसं झालं. हिरवं, करडं त्याच्या मागोमाग. पांढरं दिसत होतं, पण उन्हाची तिरीप कोणती आणि कापड कोणतं ते कळेना. नारिंगी मात्र पार तळाशी जाईपर्यंत दिसत राहिलं. भोंगा ओरडली, "मामीआजी, आजीने मला अदृश्य व्हायचे कपडे दिलेत!" पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. खरी बदकं.

नारिंगी कापडाचा पोशाख मी त्याच रात्री शिवला. झालर नाही. निळा घडी करून ठेवला आहे, तो वाया जाऊ देणार नाही.

तुमचं पिवळं बदक दाराच्या कडीला बांधलंय. वारा आला की हे असलं फुगवलेलं खेळणं मुलासकट आत जातं, आणि मूल घट्ट धरून बसतं, कारण आजीने सांगितलेलं असतं की यात बुडायचा प्रश्नच नाही. तिला मी एक नियम शिकवला आहे: पाण्यावर गेलेली वस्तू गेली. बॉल असो, चप्पल असो, तिच्यामागे जायचं नाही.

आता टोपीचं. ती यांच्या मागे खुंटीवरच होती. पहिले दोन दिवस मी डोळ्यांवर हाताची सावली धरून पायऱ्यांवर बसले. टोपीची गोष्ट ऐकलेली, म्हणून भोंगा पाण्यात उतरायला तयार होईना. म्हणाली, "टोपी नाही तर कळणार कसं, पाणी कुणाकडे?" मी म्हटलं, कळतं गं. ती म्हणाली, "मग खुंटीकडे आहे का?"

वन्सं, टोपीला अजून यांच्या डोक्याचा वास होता. मी घातली तर माझा लागेल, म्हणून हात लावत नव्हते. कुणाला सांगितलं नव्हतं. पण पोरगी कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी काढली, झटकली, घातली. मोठी होते, कानांवर येते. आता तिला दोघांचा वास आहे. तेवढं काही वाईट नाही.

तुमची आठवण काढते. रोज जेवताना म्हणते, आजी असती तर आत्तापर्यंत बोलली असती.

वहिनी


११ मे

वहिनी,

निळ्या पोशाखाचा राग मी दोन दिवस धरला होता. तिसऱ्या दिवशी लेकीने आमच्या बादलीत माझा निळा रुमाल टाकून दाखवला. असो.

पण हे काय? भोंग्याने आईला लिहिलंय, "मी पाण्यावर झोपते." झोपते! मी पत्र ऐकलं आणि माझा चांगला डोळाही धूसर झाला. तू सांभाळीन म्हणालीस, शिकवीन कुठे म्हणालीस? पोहायला यायला लागलं की मुलं खोल पाण्यात जातात. न येणारी निदान घाबरून काठावर बसतात. मी आजवर काठावर बसले, मला काय झालं?

थट्टा सोड. दादाला छातीच्या दुखण्याने नेलं, पाण्याने नाही, हे मला माहीत आहे. पण तुझ्या दारातलं तळं मला तेव्हापासून बघवत नाही. पायऱ्यांवर तो बसलेला दिसतो. आता तिथे ही पोरगी. काही झालं तर मी तिच्या आईला काय सांगू? आणि तुझ्याशी कधी बोलू शकेन का? मला तुम्ही दोघीही हव्या आहात, म्हणून लिहिते. तिला पाण्यातून बाहेर काढ.

नणंद


१७ मे

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी मशीन बंद केलं. तुम्हाला ते पायऱ्यांवर दिसतात. मला दिसत नाहीत, मी रोज बघते तरी. तुमचा थोडा हेवा वाटला.

न सांगता शिकवलं, ते चुकलं. आधी कळवायला हवं होतं. पण बाहेर काढणार नाही. ती पोहत नाही, वन्सं. पाठीवर पडून राहायला शिकली आहे. कान पाण्यात, हनुवटी आभाळाकडे, पोट वर, आणि श्वास सावकाश. माझा हात तिच्या पाठीखाली असतो, नसला तर वीतभर अंतरावर. उद्या कुठे घसरून पडलीच तर घाबरण्यात दम घालवू नये, तोंड वर ठेवून कुणीतरी येईपर्यंत थांबावं, एवढंच. आणि शिकली म्हणून मी नजर हलवत नाही. उलट आता जास्त बघते, कारण आता ती शहाणी झाली आहे असं तिला वाटतं.

तुम्ही जन्मभर काठावर बसलात, तुम्हाला काही झालं नाही, कारण काठावर तुमच्याशी बोलायला नेहमी कुणीतरी होतं.

रविवारी जावई तिला न्यायला येतात. तिच्या सामानात एक रिकामा तेलाचा कॅन आहे, घट्ट झाकणाचा, मुठीला लांब दोर बांधलेला. तो टाकून देऊ नका. पाण्यावर जाल तिथे तो न्यायचा. कुणी अडचणीत दिसलं तर आत उडी मारायची नाही, काठावर पालथं पडून हा फेकायचा. बुडणारं माणूस वाचवणाऱ्यालाही खाली ओढतं. भोंग्याने फेकायचा इतका सराव केलाय की माझ्या दोन कुंड्या फुटल्या.

तुम्ही पूर्वी माझ्याबद्दल विचारत होतात, हिला वाचायला कुणी शिकवलं? होडीत लोकांनी विसरलेल्या पुस्तकांनी. हे ती भिजलेली पुस्तकं आणून पायऱ्यांवर वाळत घालायचे. एका खुनाच्या कादंबरीची शेवटची पानं तळ्यातच गेली, आणि खून कुणी केला ते मला अजून ठाऊक नाही. तुमच्या वाचनालयात मिळाली तर बघा. मुखपृष्ठावर हिरवी मोटार होती.

वहिनी


२ जून

प्रिय वहिनी,

भोंगा सुखरूप पोचली, रंगाने निम्मी तुझ्या तळ्यासारखी झालीय. लोक सामानातून खाऊ पाठवतात, माझी वहिनी रिकामा तेलाचा कॅन पाठवते. शेजारीण विचारत होती, तेल कुठे सांडलं?

बाकी सगळं ठीक. मला जरा सर्दी झालीय. रविवारी आम्ही सगळे नदीवर गेलो होतो, हवा बरी होती. बदक हरवलं. विशेष काही नाही.

सहज विचारते, ती गवताची टोपी कुठल्या दुकानात मिळते?

भोंग्याला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणे. माझा नवा चष्मा अजून आला नाही, तिचं मुंग्यांसारखं अक्षर मला दिसत नाही. लिहू दे.

नणंद

मामीआजी, आजी गप्प झाली होती म्हणून मी भोंगा वाजवला. कॅन मस्त गेला. आजी म्हणते मामीआजीला सांगायचं नाही म्हणून मी सांगत नाही.


५ जून

वन्सं,

सर्दी कशी झाली?

बदक का हरवलं? तुम्ही गप्प का झालात? तुम्ही भूल दिल्यावरही डॉक्टरांशी बोलत होतात, असं लेकीने मला सांगितलंय.

सगळं लिहा. मी मशीनवर बसले आहे आणि दुपारपासून एकच शिवण चौथ्यांदा उसवली आहे.

वहिनी


९ जून

वहिनी,

बरं, ऐक. आणि हे पत्र जपून ठेवू नकोस.

नदीवर आम्ही बरेच जण होतो. लेक, जावई, त्यांच्या वर्कशॉपमधली दोन कुटुंबं, पोरं. भोंग्याने उतरायच्या आधी विचारलं, "पाणी कुणाकडे?" मी म्हटलं, अगं, इतकी माणसं आहेत, सगळ्यांकडेच. ती म्हणाली, "म्हणजे कुणाकडेच नाही." आणि पाण्यात उतरायचीच नाही म्हणून काठावर बसून राहिली. सगळे मला हसले. मला तिचा राग आला आणि तुझा त्याहून जास्त.

सामानातून परत आलेलं बदक मीच नेलं होतं. तू कडीला बांधलंस म्हणून तर नेलं. वारा सुटला तसं ते निघालं. भोंगा म्हणाली, "आजी, गेलं ते गेलं." मला वाटलं, हे आता तुला कळणार, आणि तू तुझ्या त्या शांत अक्षरात लिहिणार, "बदकाचं वाईट वाटलं." ते मला सहन होईना. पाणी गुडघाभर होतं. मी गेले. कमरेपर्यंत आलं. हात बदकाच्या शेपटीला लागतोय असं वाटलं, आणि पायाखालची वाळू सरकली.

वहिनी, तू लिहिलेलं सगळं खरं आहे. मी ओरडले नाही. काठावर माणसं दिसत होती, लेक भांडी काढताना दिसत होती, आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. मला, वहिनी! हाकेच्या अंतरावर सगळे, आणि एकही बघत नव्हता.

एक बघत होती. रुसून बसली होती, तरी बघत होती. तिने असा आवाज काढला की जावई म्हणतात, इंजिन फुटलं असं वाटलं. "आजी गप्प झाली! आजी गप्प झाली!" आधी सगळे हसले, म्हणे. चांगलं झालं, म्हणाले. मग लेकीने मान वर केली. तिच्या लक्षात आलं की मी खरोखरच गप्प आहे.

जावई बुटांसकट धावत निघाले. पोरगी त्यांच्या आडवी आली, दोन्ही हात पसरून. "बाबा, आत नाही! कॅन!" ते पालथे पडले, कॅन फेकला, पहिल्यांदा लांब गेला, दुसऱ्यांदा माझ्या कपाळाला लागला. त्याला मी जी मिठी मारली तशी तुझ्या नंदाव्यालाही लग्नात मारली नसेल. दोर ओढून आणलं मला. लेकीने कुशीवर वळवलं, पाठ चोळली, मग दवाखान्यात नेऊन छाती तपासली. म्हणाली, बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी तपासायचं असतं. ठीक आहे मी. डोळाही ठीक आहे. डॉक्टर मात्र माझ्याशी बोलत नाहीत.

भोंगा त्या रात्री माझ्या शेजारी झोपली. मी गप्प पडून होते तर दर थोड्या वेळाने हलवून विचारायची, "आजी, बोल ना."

म्हणून विचारलं, टोपी कुठे मिळते.

नणंद


१४ जून

वन्सं,

तुमचं पत्र हातात घेऊन मी पायऱ्यांवर जाऊन बसले. थोडी रडले. मग कॅन कपाळाला लागला ते पुन्हा वाचलं आणि हसले. तळ्यावरचा होडीवाला बघत होता, त्याला वाटलं असेल, बाई एकटी राहून बिघडली.

बदकाचं वाईट वाटलं.

तसली टोपी आता मिळत नाही. ते दुकान जाऊन तिथे मोबाइलचं झालं. म्हणून हीच पाठवते आहे. खोक्यावर काही ठेवू नका, काठ मोडेल. यांचं डोकं मोठं होतं आणि तुमचं लहान, म्हणून आतून कापडाची पट्टी लावली आहे. निळी. ओळखली असेल. झालर डाव्या कानाकडे येते. चांगल्या दुकानातला माल आहे, टाकून देववेना.

पट्टी लावण्याआधी आतला वास मी एकदा पोटभर घेतला. तुम्हीही घ्या. तुमचे दादा आहेत.

माझी काळजी करू नका. इथे आता पाण्यात उतरणारं कुणी नाही, बघायला मला टोपी लागत नाही. पोरं तुमच्याकडे आहेत, तर टोपी तिकडे हवी. पुढच्या उन्हाळ्यात भोंग्याला पाठवाल तेव्हा तिच्याबरोबर पाठवा, नाहीतर स्वतः घेऊन या. पाठीवर पडून राहायला तुम्हालाही शिकवीन. कान पाण्यात असतात, त्यामुळे बोललेलं स्वतःलाच ऐकू येत नाही. तुम्हाला जड जाईल.

नीट ऐका, मोठ्याने म्हणते आहे. वन्सं, पाणी तुमच्याकडे.

वहिनी


२२ जून

प्रिय वहिनी,

टोपी पोचली. खोकं उघडलं आणि तोंड आत घालून बराच वेळ बसले. लेक म्हणाली, "आई, काय करतेस?" मी म्हटलं, तुझ्या मामाला भेटतेय. मग तिनेही तोंड घातलं. तुझ्या मशीनच्या तेलाचा वासही आहे गं तिला.

वाचनालयात हिरव्या मोटारीचं पुस्तक सापडलं. खून कुणी केला ते मला कळलंय. पत्रातून सांगणार नाही. तुझ्या पायऱ्यांवर बसून सांगीन, दादाच्या जागेच्या शेजारी.

पाऊस लांबलाय, म्हणून नदीवर आलोय. हे पत्र काठावर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय. नवा चष्मा आहे, पलीकडच्या झाडाची पानंसुद्धा दिसतात. इथे उतार आहे का ते जावयांनी काठीने आधी बघितलं. कॅन माझ्या पायाशी आहे. भोंगा नारिंगी पोशाख घालून समोर उभी आहे, कमरेवर हात ठेवून. तिच्याबरोबर वर्कशॉपमधल्यांची पोरं. टोपी माझ्या मांडीवर आहे आणि मला तुला अजून खूप सांगायचं आहे, शेजारणीचं, डॉक्टरांचं, जावयांच्या बुटांचं. पण ती विचारतेय, आणि ही डोक्यावर गेली की ना बोलायचं, ना लिहायचं.

घालतेय. थांबते इथेच.

पाणी माझ्याकडे.